होडीवाल्याचं पाणी

आई, होडीवाल्याचा पुढचा भाग येतोय. खरा. दादरच्या पुलाखालच्या दुकानदाराने आपल्या गळ्यात मारला होता तसला नाही. पहिला भाग ज्या कंपनीने केला ती कधीच बुडाली. तिचं नाव आणि होडीवाला, दोन्ही विकत घेऊन आता एका मोठ्या परदेशी कंपनीने तो करायला घेतलाय. त्याची पहिली जाहिरात आली तेव्हा मी पेपरच्या ऑफिसात होतो. संध्याकाळची पानं लावायची घाई, त्यात मी ती आवाज बंद करून पाहिली. काळा पडदा, मग धुकं, धुक्यातून पुढे आलेलं होडीचं टोक, त्यावर टांगलेला कंदील आणि खाली हलणारं पाणी. एवढंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "सर, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, आमच्या घरातलं कोणीतरी येतंय."

तू गेम हा शब्द कधी वापरला नाहीस. "माझी होडी लाव रे," म्हणायचीस. लालबागच्या आपल्या खोलीत तो टीव्ही गेम आला तो तुझ्या खानावळीतल्या एका बोर्डरमुळे. चार वर्षं तुझ्याकडे जेवलेला, मग दुबईला गेलेला, पहिल्या सुट्टीवर आला तो थेट दारात उभा. हातात खोका. "मावशे, तुझ्या झिलाक हाडलंय." झील म्हणजे मी, तेव्हा कॉलेजात होतो, आणि त्या खोक्यातल्या कॅसेटी मी महिनाभर एकट्याने खेळलो. उड्या मारणारे, गोळ्या झाडणारे, गाड्या पळवणारे. तू भांडी घासताना पाठमोरी असायचीस, बघायचीसही नाहीस. मग एकदा मी होडीवाल्याची कॅसेट लावली आणि तू हात पुसत येऊन उभी राहिलीस. बेटाबेटांवर दिवे आहेत, होडीवाल्याने प्रत्येक दिव्याला तेल पोचवायचं, वाटेत खडक, आणि पाणी सारखं चढतं-उतरतं. चढलं की होडी खडकावरून जाते, उतरलं की अडकते. मी अडकलो होतो. तू थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "होडी बरी आसा. चालवणारो येडो आसा. दी हंय."

आणि तू खाली बसलीस. तुझ्या माहेरी घरामागेच खाडी होती हे मला ऐकून माहीत होतं. ते त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. दुपारची पंगत उठल्यापासून संध्याकाळचा भात चढेपर्यंतचा वेळ हा तुझा एकटीचा, त्यात तू पाठ टेकायचीस. त्या वर्षापासून तू पाठ टेकली नाहीस. बोर्डरांनाही कळलं. ज्यांची रात्रपाळी असायची ते दुपारी उशिरा जेवायला यायचे आणि ताटावरून पडद्याकडे बघत ओरडायचे, "मावशे, डावीकडे घे! खडक, खडक!" तू नजर न हलवता म्हणायचीस, "गप जेव. तुका हंय जेवूक ठेवलंय काय होडी चालवूक?" एकदा त्यांच्यातला एक म्हणाला, "मावशे, तू होडीत आणि आमची आमटी थंड." तू म्हणालीस, "मगे पोहत ये आणि घेऊन जा." सगळी खोली हसली आणि होडी खडकावर आपटली, तर तू त्याला दुसऱ्या दिवशीही माफ केलं नाहीस.

मला ते तिसरं बेट जमत नव्हतं. मी पाण्याकडे टक लावून बसायचो, पाणी चढलंसं वाटलं की बटण दाबायचो आणि दर वेळी उशीर व्हायचा. तू मला सांगितलंस ते मी आजपर्यंत कुठल्याही गेमबद्दल वाचलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा मोलाचं मानतो. "पाण्याकडे बघू नको. भाकरी थापतंस असा समज. एक भाकरी थापून होता तवसर पाणी चढता, दुसरी थापून होता तवसर उतारता." आणि तू गुडघ्यावर हाताची थाप धरलीस. थाप, थाप, थाप, वळव. थाप, थाप, थाप, वळव. मी डोळे मिटले, तुझी थाप ऐकली, बटण दाबलं. होडी गेली.

शेवटच्या बेटावर पोचायला आपल्याला गणपतीपासून दिवाळी लागली. तिथला दिवा लागलाच नाही. होडीवाला तेलाचा डबा घेऊन पायऱ्या चढतो, वर दार बंद, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात. "काय म्हणता तो?" तू विचारलंस. मी म्हटलं, "पुढे चालू, असं म्हणतो." "कधी?" "ते नाही लिहिलं." तू पडद्याकडे बघत बसलीस. "मगे लिवल्यान कशाक?"

त्या दिवसापासून तू वाट बघायला लागलीस. मी दादरला निघालो की मागून आवाज, "इचार त्येका, इलो काय." दुकानदार दर वेळी सांगायचा, अगले हफ्ते. वर्षभर त्याचा तो हफ्ता आला नाही आणि मग एक दिवस आला. पिवळ्या कॅसेटवर होडीचं चित्र आणि मोठा दोनचा आकडा. मी धावत घरी आलो. तू त्या दिवशी बोर्डरांना लवकर जेवायला घातलंस. आपण लावलं, होडी दिसली, समुद्र दिसला, पाणी चढलं, आणि तू रिमोट खाली ठेवलास. "ह्यो हात तो नाय." मला कळायला अजून थोडा वेळ लागला. पाणी वाटेल तेव्हा चढत होतं, वाटेल तेव्हा उतरत होतं. कुणीतरी कुठल्यातरी भलत्याच गेमवर आपली होडी चिकटवून दोनचा आकडा छापला होता. मी वैतागून बंद करायला गेलो, "फालतू आहे गं, फसवलं त्याने." तू माझा हात धरलास आणि चांगलीच ओरडलीस. "कोणीतरी बसान केलाहा मां? पुरा बघ. मगे नावां ठेव." आणि तू तो खोटा दुसरा भाग पंधरा दिवस बसून शेवटपर्यंत खेळलीस. शेवटी आमटीला द्यावा तसा निकाल दिलास, "मीठ बरा होता." मग ती कॅसेट पुन्हा कधी लावली नाहीस.

माझ्या नोकरीचं मूळ त्या पंधरा दिवसांत आहे. पेपरात मी बरंच काही केलं, महापालिका केली, रविवारची पुरवणी केली, पण ज्याने लोक मला ओळखतात ते गेमचं पान. दर वर्षाच्या सुरुवातीला मी येऊ घातलेल्या गेमवर लिहितो. कुठल्या जुन्या मालिकेचा नवा भाग येतोय, कुठली वीस वर्षं झोपलेली मालिका पुन्हा उठतेय. पहिल्यांदा हे पान सुचवलं तेव्हा संपादक म्हणाले होते, "जे आलंच नाही त्यावर काय लिहिणार?" मी म्हटलं, वाट बघणाऱ्यांवर लिहीन. त्या पानाला पत्रं येतात ती बघ एकदा. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ लिहितात, डॉक्टर लिहितात, शीव कोळीवाड्यातली एक बाई लिहिते की तिचा नवरा बोटीवर असतो आणि दोघांनी मिळून अर्धवट सोडलेल्या गेमचा तिसरा भाग कधी येणार. ही माणसं खुळी नाहीत. आपल्याला जे आवडलं ते करणाऱ्याचं काम अजून संपलेलं नाही, एवढा विश्वास ती ठेवतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि तो लपवून तटस्थ लिहायला मला इतक्या वर्षांनीही कष्ट पडतात. पुरा खेळल्याशिवाय मात्र मी कुठल्याही गेमला नावं ठेवलेली नाहीत. कितीही वाईट असला तरी.

आता खरी गोष्ट सांगतो. तुझी नात, जी तू पाळण्यातच पाहिलीस, ती हे पाणी करतेय.

म्हणजे असं, की परदेशातली कंपनी सगळा गेम स्वतः करत नाही. कोणी झाडं करतं, कोणी घरं, कोणी माणसांचे चेहरे. होडीवाल्याचा समुद्र आणि किनारा आला तो कॉटन ग्रीनच्या एका जुन्या गोदामात, तिथे आता पन्नासेक मुलं संगणकावर बसतात. तिच्याकडे पाण्याची जबाबदारी आहे. पहिलंच मोठं काम. वर्षभर तिने मला काही सांगितलं नाही, तशी लेखी अट असते. जाहिरात आली तेव्हा संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "बाबा, ते पाणी बघितलंस? ते माझंय." मी जाहिरात पुन्हा लावली, या वेळी आवाज सुरू करून.

तिने किती केलं होतं म्हणून सांगू. सुट्टी घालून तुझ्या माहेरच्या खाडीवर जाऊन आली होती. ओहोटीचा चिखल, त्यातली खेकड्यांची भोकं, पाणी आत येताना आधी कडेने कसं घुसतं, अमावस्येला किती, अष्टमीला किती, सगळं तिने गेममध्ये घातलं. चंद्राप्रमाणे पाणी चढणार, रोज वेगळं. कंपनीने पुढे किनाऱ्याची चित्रं जाहीर केली ती मी पाहिली आणि मला वाटलं, ही खाडी तू ओळखशील.

मग महिन्याभराने कंपनीने काही हजार जुन्या खेळाडूंना थोडासा गेम खेळायला दिला, आणि त्यांनी तिला धुऊन काढलं. तुझ्यासारखेच, वर्षानुवर्षं थांबलेले लोक. "हा आमचा होडीवाला नाही." "नुसता चिखल दिसतो." "जुनं निळं पाणी परत द्या." हजारोंनी. त्या दिवशी ती घरी आली ती न जेवता खोलीत गेली. मी ताट घेऊन आत गेलो.

"वरून मेल आलाय," ती म्हणाली. "जुनं पाणी जसंच्या तसं करा म्हणतायत. सपाट निळे पट्टे. सोमवारी आम्ही सांगायचं, करणार की नाही."

"नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं कोणीतरी करेल. मी पाण्यावरून बाजूला. बहुतेक मीच सांगेन की मला काढा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर जुना फॅन आहेस ना. खरं सांग. वाईट आहे का?"

मी तिला म्हटलं, आधी जेव. आणि ती जेवत असताना मी तिला तुझी खानावळ सांगितली.

तिला एवढंच माहीत होतं की आजीची खानावळ होती. ती तुझी नव्हतीच हे तिला कुठून माहीत असणार? माझ्या बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा शेजारच्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या म्हाताऱ्या मावशीचे गुडघे गेले होते आणि ती गावी निघाली होती. तिने तिचे वीस-बावीस बोर्डर तुझ्या हवाली केले. मी शाळेत होतो, पण ती पहिली पंगत मला आठवते. माणसं खाली मान घालून जेवली आणि काही न बोलता उठली. पुढचे दिवस रोज काहीतरी. "वहिनी, आज आमटीत पाणी जास्त झाला काय?" "मावशी तिरफळा ठेचून घाली." सगळे तुला वहिनी म्हणत, मावशी म्हणजे ती, गेलेली. तू तिची आमटी शिकलीस. तिच्यासारखंच वाटण, तिच्याइतकीच तिरफळं, तुला ती आमटी आवडत नसतानाही. तरी तक्रार चालूच. एक जण तर दुसऱ्या खानावळीत जायला निघाला.

मग तू आमटीचा नाद सोडलास आणि त्यांना जेवताना बघायला लागलीस. दाराशी बसून, हातात परात घेऊन, नुसतं बघायचीस. आणि तुला दिसलं की पहिली भाकरी अर्धी झाली की प्रत्येक जण क्षणभर थांबतो, मान किंचित वर करतो, आणि मग पुन्हा खाली घालून जेवायला लागतो. त्यांना काय हवंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हातारी मावशी त्या क्षणाला, न मागता, दुसरी गरम भाकरी ताटात टाकायची. तू मात्र सगळ्यांच्या भाकऱ्या आधी भाजून टोपलीत ठेवायचीस आणि मागितली की द्यायचीस. दुसऱ्या दिवसापासून तू तव्यावरून ताटात टाकायला लागलीस, त्या थांबण्याच्या आत. आणि त्याच आठवड्यात आमटी तुझ्या माहेरच्या पद्धतीने केलीस. एकानेही आमटीचं नाव काढलं नाही. पुढे कधीतरी एकाने ताटावरून हात पुढे करून म्हटलं, "मावशे, वाईच भात." तू आत येऊन शेगडीकडे तोंड करून उभी राहिलीस, आणि मी विचारलं तर म्हणालीस, धूर गेलो डोळ्यांत. आपल्याकडे तेव्हा गॅस आला होता.

लेकीचं जेवण थांबलं होतं. "म्हणजे ते आमटीला नावं ठेवत होते," ती हळूहळू म्हणाली, "पण प्रॉब्लेम आमटीचा नव्हताच."

"त्यांना तेच सांगता येत होतं ना."

"मग आमच्या पाण्यात काय मिस होतंय?"

मला ते माहीत होतं असं मी म्हणणार नाही. मी तिला फक्त सांगितलं की तू पाण्याकडे बघायची नाहीस. भाकरीचं सांगितलं आणि टेबलावर हाताने तशी थाप धरली. तिने माझ्या हाताकडे बघितलं, ताट सरकवून लॅपटॉप ओढला आणि जुना गेम लावला. दोन-तीन बेटं पालटून बघितली, पाणी चढलं, उतरलं. "बाबा, तू स्लो आहेस," ती म्हणाली. "आजी फास्ट असणार. पण हे सेम आहे. हे प्रत्येक बेटावर सेम आहे!" आणि मग तिने बोट बटणावरून उचललं. कारण तिच्या पाण्यात चंद्र होता. तिचं पाणी रोज वेगळ्या वेळी चढत होतं. जुन्या खेळाडूंची बोटं ज्या क्षणाला दाबायला जात होती त्या क्षणाला तिथे पाणी नव्हतं, आणि ती बिचारी चिखलाला दोष देत होती.

"चंद्र काढावा लागेल," ती म्हणाली. त्या चंद्रासाठी ती किती राबली होती ते आता मला माहीत होतं. बराच वेळ ती बोटाने टेबलावर थाप धरून बसली. मग म्हणाली, "चिखल नाही काढणार. खेकडे पण नाही. पण वेळ त्यांची त्यांना देते."

सोमवारी तिने सपाट निळ्या पट्ट्यांना नाही म्हटलं आणि थोडा वेळ मागून घेतला. गोदामातल्या तिच्या साहेबाने पाय आपटले, वरच्यांनी बरेच दिवस उत्तर दिलं नाही, आणि मग एका ओळीचं आलं, ठेवा. तिने मला घरी खेळून बघायला आणलं नाही, अट आहे. मला फक्त एवढं माहीत आहे की आता किनारा तुझ्या खाडीचा आहे आणि पाणी तुझ्या भाकरीचं.

आई, मला तुझं कौतुक वाटतं हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. आपल्याकडे तशी रीतच नव्हती. तू वाट बघायचीस तेव्हाही ते मला थोडं गमतीचंच वाटायचं. चार बुकं शिकलेल्या मला वाटायचं की हिला कोण समजावणार, तो भाग येणारच नाही. तू कोणाचं काही बिघडवलं नाहीस, कोणाला शिव्या दिल्या नाहीस, दुकानदाराशीही भांडली नाहीस. नुसतं मधून मधून विचारत राहिलीस. आणि दुसऱ्याची खानावळ हातात घेऊन ती तिची आणि तुझी दोघींची कशी ठेवायची, हे तुला जमलं होतं. जुन्या मालिका पुन्हा उभ्या करायला निघालेल्या आणि पडलेल्या कितीतरी मोठ्या मंडळींबद्दल मी आजवर लिहिलं. त्यांच्यातल्या फार थोड्यांना ते जमलं.

गेम पुढच्या महिन्यात येतोय. मी संपादकांना सांगून टाकलं की मी त्यावर लिहिणार नाही, घरचं माणूस आहे. शेजारच्या टेबलावरची मुलगी लिहील. तिला मी एक शब्दही सांगितलेला नाही. लेक वरून शांत आहे, पण जेवताना फोन उलटा ठेवते, म्हणजे मला कळतं. नवीन पाणी अजून कोणी खेळलेलं नाही, त्यामुळे जुन्या शिव्या अजून चालूच आहेत. ते लोक आता तिचं ऐकतील की नाही, मला माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून झालं की ऑफिसच्या संगणकावरून पुसून टाकीन, सहा वाजता पान जायचंय. पण त्याआधी एक सांगून टाकतो. काल संध्याकाळी लेक माझ्यासमोर बसून फोन वाचत होती आणि एकदम हसायला लागली. "बाबा, ऐक ना, एक वेडा आहे इथे. आठवडाभर एकटाच सगळ्यांशी भांडतोय आमच्या बाजूने. जो कोणी पाण्याला शिव्या देतो त्याला जाऊन उत्तर. आणि इंग्लिश बघ त्याचं, एकदम पेपरवालं, स्वल्पविराम वगैरे सगळे जागेवर."

"असेल कोणीतरी रिटायर्ड," मी म्हटलं.

"बिचारा," ती म्हणाली. "पण बरं वाटतं रे."

आई, तो बिचारा मी आहे.